नावे

सतरा वर्षं मी ह्या क्लबची वही लिहितोय.
डावीकडे जमा, उजवीकडे नावे.
अलीकडे डावा रकाना इतका स्वच्छ असतो
की मिस युलाली म्हणते, रामकिसून, तिथे गवत पेर,
निदान सरावाला जागा होईल.

बेटावर तेलाचा कारखाना चालू होता तोवर
लीगमध्ये दहा संघ होते
आणि आमच्या छातीवर कारखान्याची ज्योत.
एका शुक्रवारी फाटक बंद झालं.
ज्योत जर्सीवर राहिली.
नवी छापायला पैसे नाहीत,
म्हणून विझलेल्या कंपनीची जाहिरात
आम्ही अजून फुकट करतो.

आता सहा संघ.
सामने भर दुपारी तीनला,
कारण दिव्यांच्या एका रात्रीत
आठ घरांचा महिन्याचा तांदूळ जळतो.
उन्हात रेफरीची शिट्टीसुद्धा घामाघूम.
मागच्या शनिवारी प्रेक्षक एकशे बारा,
तिकीट काढलेले एकोणचाळीस.
बाकी कुणाचे भाऊ, कुणाचे मेव्हणे,
आणि कुंपणापलीकडच्या आंब्यावर बसलेली अख्खी शाळा.

मंगळवारी राजधानीतल्या हॉटेलात बैठक झाली.
बाहेरून आणलेल्या सल्लागाराने
पडद्यावर लीगचं भवितव्य दाखवलं:
चार संघ, नवी नावं,
एक शार्क, एक चक्रीवादळ, दोन पक्षी.
आमचं गाव कुठंय ह्यात, मी विचारलं.
त्याने पुढचं चित्र लावलं.
चहा मात्र चांगला होता.
उरलेली बिस्किटं मी रुमालात बांधून आणली,
चौदा वर्षांखालच्या पोरांना.

काल डेशॉर्न आला.
आमचा डावा विंगर. सात महिन्यांचा पगार थकलाय त्याचा.
मी नेहमीची वाक्यं जुळवत होतो,
अनुदान मंजूर आहे, फाइल साहेबांच्या टेबलावर,
पंधरा दिवस फार तर,
तर तो म्हणाला, पगार नको, काका.
पगाराच्या पावत्या द्या.
ग्वाटेमालात दुसऱ्या श्रेणीचा एक संघ आहे.
व्हिसासाठी दाखवायचंय
मी खरोखरचा व्यावसायिक आहे म्हणून.

खरोखरचा.
पहाटे तीनला बेकरीत पाव भाजतो,
आठला मैदानावर.
बूट फाटला तेव्हा अँसेल्मने
गोलच्या जाळीतलाच दोरा ओढून शिवून दिला.
त्या भोकातून आता चेंडू पार जातो,
आणि गोल झाला की नाही ह्यावर
दोन्ही बाजू शपथा घेतात.

सतरा वर्षांत एका सेंटचं खोटं लिहिलं नव्हतं.
रात्री सात पावत्या केल्या.
जानेवारी, वेळेवर. फेब्रुवारी, वेळेवर.
मार्चपर्यंत हात इतका सैल सुटला
की बोनसही देऊन टाकला.
प्रत्येकीवर शिक्का मारला, ज्योतीचा.
एवढा श्रीमंत हा क्लब कधीच नव्हता.

तो हसेल असं वाटलं होतं.
'मिळाले' ह्या शब्दाखाली
त्याने सातदा सावकाश सही केली.
कडेला पिठाचा अंगठा उमटला.
झटकला मी, पण पुरता गेला नाही.

आज मिस युलालीने धुतलेल्या जर्सी मोजल्या.
अठरात एक कमी. अकरा नंबर.
दाराशी उभी राहून म्हणाली,
त्याच्या नावे लिहायची का?

मी वही उघडली.
उजवीकडे नुसती नावंच होती.
गोलकीपर केरॉन, पाच महिने.
अकीम, गुडघ्याचं ऑपरेशन, अर्धं.
अँसेल्म, त्याने तर मागणंच सोडलंय.
युलाली, तुझंसुद्धा आहे ह्यात, म्हटलं.
ठाऊक आहे, म्हणाली, आणि टोपली उचलून गेली.

शनिवारी तीनला सामना आहे.
त्याआधी जाळी शिवायला हवी.
दोरा, चार डॉलर,
एवढं लिहिलं
आणि खिशात हात घातला.